सूत्राचे उत्तर आणि वाडीतली विहीर

दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. सदस्य सचिव,
विहीर-पाणी तपासणी समिती,
वसई, जि. पालघर

विषय : विहिरीचे पाणी सुरक्षित असल्याचे पत्र रद्द करण्याबाबत.
संदर्भ : माझे वडील कै. तुळशीदास सावे यांना समितीने जुलैमध्ये दिलेले पत्र.

महोदय,

मी विरार येथील महाविद्यालयात गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये आमच्या वाडीशेजारच्या रंगाच्या कारखान्यातील टाकी फुटून रसायन जमिनीत मुरले. ते भूजलाबरोबर किती वाहील, किती पसरेल आणि वाटेत किती विघटित होईल, हे एकाच समीकरणात मांडून समितीने सूत्राने उत्तर काढले. विहिरीपर्यंत पोहोचण्याआधीच ते नष्ट होईल, असे पत्र आले.

१. सूत्र बरोबर आहे. परंतु ते सगळीकडे सारखी जमीन गृहीत धरते. आमच्या वाडीखालून बुजलेल्या ओहोळाचा वाळूचा पट्टा जातो. तेथे पाणी वेगाने सरकते. हा पट्टा धरला तर सूत्र चालत नाही. जमिनीचे लहान चौकोन पाडून संगणकावर टप्प्याटप्प्याने उत्तर काढावे लागते. मी तसे केले. पट्टा वगळल्यावर माझे उत्तर समितीच्या उत्तराशी जुळले. पट्टा धरल्यावर मात्र रसायन दसऱ्याच्या सुमारास विहिरीत येत होते.

२. ही आकडेमोड मी सुनावणीत सादर केली. आपले तांत्रिक अधिकारी म्हणाले, "मॅडम, सूत्र अचूक असतं. कॉम्प्युटरचं उत्तर शेवटी अंदाजच." माझी हरकत फेटाळण्यात आली.

३. वडिलांनी माझ्या शब्दाखातर विहीर बंद ठेवली. दसरा गेला, पाणी स्वच्छच राहिले. "जागृती, तुझा हिशेब चुकला गं," एवढेच म्हणून त्यांनी पुन्हा कळशी बुडवली. हिशेब चुकला होता, पण काही आठवड्यांनीच. दिवाळीनंतर पाण्याला वास येऊ लागला आणि प्रयोगशाळेत रसायन सापडले. तो अहवाल सोबत जोडला आहे. तोवर वडील रोज तेच पाणी पीत होते.

४. वडील जानेवारीत यकृताच्या आजाराने वारले. पाण्यामुळेच, असे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. मीही तसा दावा करीत नाही.

त्याच पट्ट्यावर शेजारच्या विनिता चौधरी यांची विहीर आहे. आम्हाला आलेल्या समितीच्या पत्राच्या भरवशावर त्यांच्या घरी आजही ते पाणी पितात. मी सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "तुझंच गणित चुकलं होतं ना?" त्यांच्या पाण्याला अजून वास येत नाही. म्हणून विनंती की, सदर पत्र तात्काळ रद्द करावे, त्यांची विहीर तपासावी आणि जेथे दोन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत तेथे पाणी सुरक्षित ठरवू नये.

पुढील मजकूर अर्जात बसतो की नाही, मला ठाऊक नाही. शेवटच्या दिवशी वडिलांनी विहिरीचे पाणी मागितले. मी बाटलीतले चमच्याने पाजले. "हे आपलं नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्या चमच्याला त्यांनी तोंड उघडले नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
जागृती तुळशीदास सावे
आचोळे, नालासोपारा (पूर्व)