लाल ठिपका

२१ नोव्हेंबर २००३, शुक्रवार

जयसिंगपूरचा शेठ खोटं बोलतोय, असं सकाळपासून वाटत होतं. त्याच्या स्पोर्ट्स कारचा मागचा डावा टायर आतल्या कडेनं पार झिजलाय. म्हटलं, "शेठ, गाडी कुठंतरी आपटलीय." तर म्हणाला, "न्हाय वो मिस्त्री, देवाशप्पथ." मी चारचौघांत बोलून गेलो, "माणूस खोटं बोलतो, गाडी न्हाय." तो गाडी इथंच ठेवून रिक्षात बसून गेला.

दुपारी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून बघितली. ते चाक तिरकं आहे, पण आपटल्याची खूण कुठंच नाही. मग त्या चाकाला धरणाऱ्या आतल्या दांड्याच्या बोल्टवर लाल ठिपका दिसला. बायकोच्या नेलपॉलिशचा. बोल्ट आवळला की ठिपका द्यायची सवय माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

दसऱ्याआधी त्या दांड्यातला रबरी बुश मीच बदलला होता. हा बोल्ट जरा फिरला तरी चाकाची दिशा बदलते, म्हणून बोल्ट सोडवायच्या आधीच त्याच्या मूळ जागेची खूण करायची असते. मी केली आवळल्यावर. मग तो ठिपका कशाचा? माझ्या ऐटीचा?

शेठ उद्या येणार. रंग पुसायच्या थिनरचा बोळा घेऊन त्या ठिपक्याजवळ बराच वेळ बसलो होतो. पुसला नाही. अजून तरी.