झुलैखाची अकरा पानं

जॉर्जटाउन, पेनांग
शुक्रवार सकाळ

प्रिय झुलैखा,

जिंकलीस! आधी हे वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. चार वर्षांपूर्वी ज्या अकरा पानांवरून आपल्या मुख्य ऊईसाहेबांनी तुला भर बैठकीत गप्प केलं आणि तू नोकरी सोडून ताइपिंगला निघून गेलीस, ती पानं काल दुपारपासून आपल्या कंपायलरचा कायदा झाली आहेत.

भांडण केवढंसं होतं ग! प्रोग्राम चालण्याआधीच कोणत्या गणिताचं उत्तर पक्कं धरायचं, एवढंच. आपला कंपायलर, माणसाचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, ते हुशारीवर ठरवायचा. वेग वाढवायची सोय चालू असली की इकडचं तिकडचं ताडून उत्तर काढायचा आणि म्हणायचा, पक्कं. चाचणीसाठी सोय बंद केली की त्याच ओळीला नाही म्हणायचा. आम्ही म्हणायचो, "चाचणीत नखरे करतोच तो." तू एकटी अकरा पानं लिहून म्हणालीस, उत्तर काढता आलं म्हणून पक्कं होत नाही, ओळीत काय लिहिलंय ते बघा. सगळे तुकडे आकडे असले किंवा पक्के म्हणून जाहीर केलेले असले तर हो. एक जरी प्रोग्राम चालताना बदलू शकणारा असला तर नाही. त्यावर ऊईसाहेब म्हणाले होते, "बाई, यंत्राला उत्तर कळलं ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुखायची पाळी गेल्या महिन्यात त्यांच्यावर आली. आम्ही वेगाची सोय जराशी बदलली आणि इन्सुलिनचे पंप बनवणारं आपलं जुनं गिऱ्हाईक बोंबलत आलं. त्यांच्या डोसच्या तक्त्याची लांबी काल पक्की होती, आज नाही. ओळ तीच! मी तुझी पानं टेबलावर आपटली. मी आणि शेजारच्या टेबलावरची कोमती तीन आठवडे त्यांना चिकटून होतो. गिऱ्हाइकाच्या ओळीतही बदलू शकणारं एक नाव सापडलं. ते त्यांनी पक्कं जाहीर केलं, एका शब्दाचं काम. काल सगळ्यांसमोर दोन हजार चाचण्या लावल्या, सोय चालू ठेवून आणि बंद करून. निकालात एकही फरक नाही! कोमती खुर्चीवर चढून ओरडली. खिशाला कधी हात न लावणाऱ्या ऊईसाहेबांनी सगळ्यांना नारळाच्या दुधाचं गारेगार चेंडोल पाजलं. "सियू फाँग, डोकं आहे बाई तुला," मला म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

मी उठून सांगितलं की डोकं झुलैखाचं आहे. आणि तुला कधीच न सांगितलेलंही सांगितलं. त्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी तुझा नियम स्वतः तपासला होता. तो बरोबर आहे हे मला माहीत होतं. "आणखी कुणाला असं वाटतं?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी कपात बघत बसले. काल हे ऐकून साहेबांनी तुझी पानं पुढे ओढली. मग म्हणाले, "तिला परत बोलाव. चूक माझी होती असं माझ्या नावानं लिही." ते लिहिलं. पण मी पत्राला बसले ते माझ्या नावानं लिहायला: मला नोकरीची भीती वाटली, झुलैखा, म्हणून मी तुला एकटं पाडलं. माफ करायचं की नाही ते तू ठरव. नियमाच्या पहिल्या ओळीत तुझं नाव घातलंय, ते मात्र आता कुणालाही काढता येणार नाही.

चार वर्षं उशिरा का होईना, तुझीच,
सियू फाँग