मठाधिपतींनाही कलम लागू करणेबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
पुणे ग्रामीण.

विषय : मुलावरील अत्याचार दडवल्याबद्दल बोरदऱ्याच्या मठाधिपतींवर गुन्हा नोंदवणेबाबत.
संदर्भ : स्थानिक ठाण्यात दिलेला अर्ज. पोच मिळाली नाही, प्रसाद मिळाला.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त प्राथमिक शिक्षक असून घरच्या पडवीत मुलांना शिकवतो. बोरदऱ्याच्या मठात राहणारा एक मुलगा सुट्टीत येई. मोठ्याने वाचायची त्याला भारी हौस. दिवाळीनंतर तो वाचेना. अर्जदाराने घाई केली नाही. एके दिवशी त्यानेच हळूच सांगितले, की पखवाज शिकवणारे हौशीरामबुवा अंगाशी वाईट वागतात.

२. मुलाची आई मठाधिपती सयाजीबाबांकडे धावली. बाबांनी सर्व ऐकले, डोळे पुसले आणि 'हे कुणापाशी बोलणार नाही' असा बेलभंडार तिलाच उचलायला लावला. बुवांना शालश्रीफळ दिले. अर्जदाराच्या अर्जावरून पोलिसांनी विचारले, तेव्हा बाबांनी सांगितले, बुवा काशीला गेले. ही काशी अर्जदाराने पाहिली आहे. ती खोडदच्या वाटेवर असून तेथे मठाची दुसरी पाठशाळा आहे. बुवा तेथे मुलांना शिकवतात.

३. ठाणे म्हणाले, आईची तक्रार पाहिजे. आई म्हणाली, "गुरुजी, भंडार उचललाय मी. पोराचं वाईट व्हईल." शेवटी तिने खंडोबाला कौल लावला. उजवीकडचे फूल पडले, देवाने शपथेतून मोकळे केले. ती ठाण्यात गेली. जमादार म्हणाले, "बाई, देवानं सोडलं खरं, पण बाबांनी कुठं सोडलंय?" बाबांनी कळवले, की कौल मठात लावलेला नसल्याने ग्राह्य नाही. ठाण्याने तो निर्णय मान्य केला.

४. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा दंड संहितेच्या कलम २०१ प्रमाणे गुन्हा आहे. अर्जदाराने कलम पुन्हा पुन्हा वाचले. मठाधिपतींना सूट कुठे आढळली नाही.

५. तरी बुवांवर व त्यांना लपवणाऱ्या बाबांवर गुन्हा नोंदवावा. आईचा जबाब मठाच्या आवाराबाहेर, महिला अधिकाऱ्यांनी घ्यावा.

६. सोमवारी पाठशाळेत नवी मुले दाखल होतील. त्या दिवसापासून अर्जदार फाटकाशी बसून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला वरील हकिगत सांगणार आहे. हे बेकायदेशीर असल्यास अर्जदारास अटक व्हावी. म्हणजे या प्रकरणात निदान एक तरी अटक होईल.

आपल्या कारवाईची वाट पाहणारा, नम्र
गेणू भागूजी लोहकरे
रा. कळंब, ता. आंबेगाव
दि. ५ जून २००३

(मुलाचे व आईचे नाव अर्जात मुद्दाम लिहिलेले नाही. समक्ष सांगेन.)