बाटलीवरची रेघ

३ फेब्रुवारी

...आणि त्या सकाळीही मी मोरीच्या जाळीवर खायचा सोडा पसरून वर व्हिनेगर ओतत होते. फेस फसफसून वर आला. हे सुतारकामाला निघालेले. दारातून ओरडले, "घर आहे की लोणच्याची बरणी!" मी म्हटलं, "नाक दाबा आणि निघा!"

निघाले ते निघालेच. दुपारी दवाखान्यातून निरोप.

दोन वर्षं झाली. यांचा खुंटीवरचा स्वेटर मी न धुता कपाटात ठेवलाय. रोज हुंगते.

तापातून उठले आणि आज कपाट उघडलं — स्वेटरला वासच नाही! धुतलाय. मुलगा महिनाभर बाहेरगावी. म्हणजे उरली कोण? सूनबाई.

५ फेब्रुवारी

व्हिनेगरची बाटली चार बोटं खाली! लोकर धुताना शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं, हे मीच तिला शिकवलं. गुरूची विद्या गुरूला. बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

६ फेब्रुवारी

सरळ विचारलं. "अहो आई, मी बाबांच्या स्वेटरला हात तरी लावीन का?"

फार गोड बोलली. कपाटाला कुलूप. किल्ली कमरेला.

९ फेब्रुवारी

चष्मा लावून पाहिलं. स्वेटरच्या विणीत लाकडाचा भुसा अजून तसाच. धड धुवायलाही येत नाही हिला!

बाटली रेघेच्या खूप खाली. मी तर रोजच्यासारखं वासाच्या अंदाजानेच ओतते.

११ फेब्रुवारी

सकाळी ओटा पुसत होते. सून ओढणी नाकाला लावून धावत आली. "आई, किती ओतलंत! वासाने डोकं उठलंय. ताप आल्यापासून रोज असंच चाललंय तुमचं. बाबा म्हणायचे ते खोटं नाही — घर आहे की लोणच्याची बरणी!"

मी ओट्यावर वाकले. काही नाही. बाटलीला नाक लावलं. काही नाही. नळ घासायला ठेवलेलं लिंबू कापलं, चिरडलं, नाकाशी धरलं.

नुसतं पाणी हुंगल्यासारखं.

खुर्चीत बसले. तिने खिडक्या उघडल्या आणि ओटा साध्या पाण्याने पुसून घेतला.

१२ फेब्रुवारी

कपाटाचं कुलूप काढलं. स्वेटर सुनेच्या हातात दिला. म्हटलं, "हुंग, आणि मला सांग."