धोका हा शब्द

प्रिय नेत्रा,

तुझ्या सोनोग्राफीच्या अहवालांत अलीकडे मला खोड काढता येत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणाला हे वाक्य मी प्रथमच लिहिते आहे.

माझ्या लेकीला, सान्वीला, पाचवा महिना संपत आला. माझ्या भावाची, शशिकांतची, हकीकत तुला ठाऊक आहे. विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले, ते अखेरपर्यंत थांबले नाहीत. गर्भाच्या मेंदूची मापं नोंदवून त्या मुलांचं मानसिक आरोग्य पुढे वर्षानुवर्षं तपासण्याचा आपला अभ्यास मी उभारला, तो त्याच्यामुळेच.

या अभ्यासाचं मराठी संमतिपत्र मी अकरा वेळा लिहिलं. ‘मापांतील फरक आणि मानसिक आजाराचा धोका’ ही शब्दयोजना मला निर्दोष वाटत होती. ती वाचून तपासणीला आलेली काशीमिऱ्याची गर्भवती दिव्या रडू लागली. मराठी शाळेत शिकलेली, पण दिवसभर हिंदीत वावरणारी ती मुलगी. धोका म्हणजे दगा, एवढंच तिला ठाऊक. “मॅडम, बाळ मला धोका देणार काय?” मी तिला शब्दार्थ सांगत बसले. तू स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलीस, यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवलास आणि तुमच्या कोळीवाड्याच्या बोलीत म्हणालीस, “ह्या डोका हाय, ह्या त्याचा माप. पुढं काय होल, ता यात दिसत न्हाय. आमाला पन न्हाय.”

‘दिसत नाही’ हे शब्द मी तीस वर्षांत रुग्णासमोर उच्चारले नव्हते. वर तू संमतिपत्रातलं माझं ते वाक्य बॉलपेनने खोडून तिथे तुझं लिहिलंस. आठवडाभर मी तुझ्याशी अबोला धरला. आणि त्याच आठवड्यात, तुला न सांगता, तुझी दुरुस्ती नीतिसमितीकडून मंजूर करून घेतली.

काल सान्वीची सोनोग्राफी मीच केली. मेंदूतल्या पोकळीचं माप दहा मिलिमीटरच्या आत हवं. ते दहा पूर्णांक तीन आलं. बाकी सारं नीट असेल तर एवढ्याने बहुतेक बाळांचं काही बिघडत नाही, हे मीच शिकवते. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ओठांवर तोच खोडलेला शब्द आला. यंत्र नीट चालत नाही, असं सांगून मी उठले. आयुष्यातलं माझं पहिलं खोटं निदान.

सोमवारी तिला तुझ्याकडे पाठवते. माप तू घे आणि तिच्याशी तूच बोल. मी बाहेर बाकावर बसेन. दार उघडं राहिलं तरी आत येऊन तुझं वाक्य सुधारणार नाही.

तुझीच,
विमलाताई