तुरुहिराला आत कुणी बोलावलं

प्रिय अनाहेरा,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण इस्टरनंतर गाठ काढायला डॉक्टरांनी घसा कापल्यापासून माझ्या तोंडून नुसती हवा येते. परवा गॅसवाल्याला दारातून हाक मारायला गेले, तर तो मला खोकला झालाय समजून औषध सांगून गेला.

तुझ्या मोठ्या आत्याला पुरून आता तीन आठवडे झाले. तू कॅनडात आपल्या म्हाताऱ्यांचे आवाज साठवणाऱ्या तुझ्या वेबसाइटबद्दल भाषण द्यायला गेली होतीस, वेळेत पोचणं शक्य नव्हतं, हे मला कळतं. तुरुहिरानं तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं हेही मला कळतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. वेबसाइटलाही मी नावं ठेवत नाही. सिडनीत जन्मलेली आपली पोरं तिच्यावरून पूर्वजांची नावं घडाघडा म्हणतात, गाणी म्हणतात. तुरुहिरा तर गावभर सांगत फिरायची, आमच्या अनाहेरानं सगळ्या म्हाताऱ्यांना डब्यात भरून ठेवलंय, आता खुशाल मरा म्हणून.

तू अंत्यविधीचं सगळं फोनवर बघितलंस, पण फोन माझ्या पोरानं, राविरीनं, खांबाला बांधला होता आणि तोंड सभाघराकडे होतं. अंगणाच्या दाराशी काय झालं ते तुला दिसलं नसणार. शवपेटी घेऊन माणसं दाराबाहेर थांबली. सोबत पेटीच्या बाजूनं उत्तर द्यायला पलीकडच्या खोऱ्यातली कुइनी होती, काळ्या शालीत, काठी टेकत. घरच्या बाईनं हाक घातल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही, मग जिवंत असो की मेलेला. इतकी वर्षं ती हाक तुरुहिरा घालायची, तिच्यामागून माझा नंबर होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे पाहून माना खाली घातल्या. स्वयंपाकघरातल्या बायका म्हणाल्या, "आम्हाला येतं ते साइटवरचं पाठ केलेलं. तुरुहिराच्या पेटीसमोर तेच म्हणायचं? जीभ झडेल." शेवटी राविरी म्हणाला, "मग तिचाच आवाज लावू या की. आहे ना साइटवर, स्पीकरही आणलाय." मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्यालाही ते ऐकू गेलं नाही.

आणि तुरुहिराचा आवाज आला, अगदी खणखणीत. लोक रडायला लागले, मीही रडले. मग शब्द कानात शिरायला लागले. ती शाळेची पोरं आली होती त्या दिवसाची हाक होती. या चिमण्यांनो, हिरव्या गवतावर नाचत या, असं ती आपल्याच पेटीला सांगत होती. मागच्या बाजूला कुणाची तरी नात फिदीफिदी हसली आणि तिला कुणी गप्पही केलं नाही. कुइनीनं रीतीप्रमाणे उत्तर द्यायला आवाज लावला, पाहुण्यांसोबत त्यांचे मेलेलेही येतात, तर त्यांची नावं घ्यायला लागली, पण स्पीकर थोडाच थांबतो. तो तिच्या आवाजावरून पुढची हाक घालत सुटला. कुइनी मध्येच तुटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटली, आणि मग ती गप्पच बसली. पेटी तशीच मुकाट्यानं आत आली. जेवणाच्या वेळी कुइनी माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "मेरेआना, नव्वदीला आले, पण ज्या दारात मला कुणी ऐकलं नाही असं दार पहिल्यांदा बघितलं." मी मटणाचा वाडगा तिच्याकडे सरकवला. तिनं तो घेतला नाही.

त्याच संध्याकाळी तू त्या चित्रणाखाली लिहिलंस, की मोठ्या आत्यानं स्वतःच स्वतःला घरात घेतलं, किती सुंदर. खाली लाल बदाम. तुला माहीत नव्हतं, तरी मला तुझा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, तो अजून गेलेला नाही. तू नेहमी म्हणतेस, माझा आवाज कुठे तसा आहे, मी जपून ठेवण्याचं काम करते. पण तुरुहिराचाही आवाज सुरुवातीला बेडकासारखाच होता. दारात कोण उभं आहे, कुणाला मागे ठेवून आलंय, हे बघून तिला शब्द सुचायचे. समोरचीचं उत्तर संपेपर्यंत ती श्वास धरून उभी राहायची. ते तुझ्या साइटवर कसं चढवणार?

आता मुद्द्याचं. गाठ परत आली आहे. गिझबर्नच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांनी माझा हात धरूनच सांगितलं. ख्रिसमस गाठेन की नाही ते काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. राविरीला अजून सांगितलेलं नाही, कारण तो लगेच माझ्यासाठीही स्पीकर तयार करायला घेईल. माझीही हाक तू साइटवर ठेवली आहेस, ती असू दे, पोरांना ऐकू दे. पण तू घरी ये. माझे ओठ हलतात, श्वास कुठे घ्यायचा ते हातानं दाखवता येतं, तेवढ्यावर हाक घालायला शिकशील. कुइनीला मी विचारलंय, माझ्या पेटीबरोबर येशील का म्हणून. ती म्हणाली, "दारात माणूस असेल तर येईन."

तुझीच,
मेरेआना आत्या