नांदण्याचा दावा

२ मार्च १९६२, अमरावती
चारुशीला अकोल्याहून परतली नाही. सासऱ्यांच्या तेरवीला मी गेलो नाही, एवढंच निमित्त. वरूडच्या संत्राबागेची केस उभी होती, कसा जाणार? मुनशीला पाठवलं होतं की! वकिलाचा मुनशी म्हणजे वकीलच. येईल आठ दिवसांत.

१५ एप्रिल
नाही आली. रजिस्टर्ड नोटीस धाडली. भाषा मुद्दाम सौम्य ठेवली. गोदाताई म्हणते, बायकोले नोटीस कायची देतो रे? एस्टीत बस अन् घेऊन ये. थोरली बहीण म्हणून ऐकून घेतलं. तिला कायद्यातलं काय कळतं!

८ सप्टेंबर
गणेशोत्सवात माझं व्याख्यान, 'कुटुंबसंस्था आणि समाज'. 'विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे' याला कडकडून टाळ्या. चारुशीलेवर नांदायला येण्याचा दावा कालच दाखल केला.

१९ डिसेंबर
जिंकलो! ती कोर्टात फिरकलीच नाही, एकतर्फी डिक्री. आता खुद्द कोर्टाचा हुकूम, न येऊन सांगते कोणाला? बाररूममध्ये पेढे वाटले. गोदाताईने खाल्ला नाही. उपास असेल.

दिवाळी, १९६३
तिच्यासाठी पातळ घेतलं. अकोल्याला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना वाटलं, डिक्री आपली आणि आपणच जायचं? लोक हसतील. परतलो. घर खायला उठतं, हे मात्र खरं.

२८ जानेवारी १९६५
कायदा बदलला. डिक्रीनंतर दोन वर्षं एकत्र नांदले नाहीत, तर आता हरलेलाही घटस्फोट मागू शकतो. तिने मागितला. आधार माझ्याच डिक्रीचा! नुसती धमकी आहे. समोरासमोर आलो की विरघळेल.

६ ऑगस्ट
झाला घटस्फोट.
कोर्टाच्या व्हरांड्यात ती समोर आली. फार वाळली आहे. म्हणाली, बाबा गेले तेव्हा मी रोज दाराकडे बघत होते, तुम्ही याल म्हणून. मग दोन वर्षं बघितलं. मला म्हणायचं होतं, चल घरी. तोंडून निघालं, अपिलाची मुदत आहे अजून. ती भावाबरोबर टांग्यात बसून गेली.
ऑफिसचं दार लावून अशिलाच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. खूप रडलो.
जेवताना गोदाताईने विचारलं, काय झालं रे? म्हटलं, तारीख वाढली. म्हणाली, मंग दिवाळीपर्यंत येते पाह्य चारू.
म्हटलं, हो, येईल.